काटेकाकांचा दशांश

पनवेल तालुक्यात माणसं टक्क्यांत बोलतात. ‘साडेबारा’ एवढं म्हटलं की पुरतं. सिडकोनं जमीन घेतली की तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा विकसित भूखंड, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. त्या आकड्यामागं जानेवारी १९८४ चं आंदोलन आहे, दि. बा. पाटील आहेत, गोळीबारात गेलेले पाच जण आहेत; म्हणून तो कुणी चेष्टेवारी नेत नाही. विमानतळात जमीन गेलेल्यांचा आकडा साडेबावीस. दलालाचा दोन, आणि तो दोन्हीकडून. पळस्पे फाट्याच्या आतल्या अंगाला एका चाळवजा इमारतीत राहणाऱ्या काटेकाकांचा आकडा मात्र दहा. त्यांचे आगरी घरमालक एकदा अंगणात बसून दशांशाचा हा सगळा हिशेब ऐकत होते. शंभर मिळाले तर दहा देवाचे, नव्वद आपले. मालकांनी विडी विझवली आणि म्हणाले, म्हणजे तुमचा देव सिडकोपेक्षा बरा. नव्वद टक्के मालकाकडंच ठेवतो की.

काटेकाकांचं आडनाव काटे नाही. फाट्याजवळच्या एका वजनकाट्यावर त्यांनी हयात काढली, म्हणून ते काटेकाका. जुना मुंबई-पुणे रस्ता, गोव्याचा रस्ता आणि जेएनपीटीकडून येणारा रस्ता पळस्प्याला एकमेकांच्या अंगावर येतात. गणपतीला निघालेले चाकरमानी इथं वडापावसाठी थांबतात आणि ट्रकवाले वजनासाठी. काकांच्या केबिनवर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘धर्मकाटा’ लिहिलेलं होतं. खिडकीशी काका, पुढ्यात करकरणारा प्रिंटर आणि त्यातून निघणारी तीन ओळींची पावती. ग्रॉस म्हणजे भरलेली गाडी, टेअर म्हणजे रिकामी गाडी, नेट म्हणजे माल. माल कमी दाखवायचा असेल तर ड्रायव्हर लोकांच्या युक्त्या ठरलेल्या. रिकाम्या गाडीचं वजन करताना क्लीनरला आत झोपवून ठेवायचं, भरलेल्या गाडीचं मागचं एक चाक हळूच काट्याबाहेर टेकवायचं. काका मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत. आकडा पाहूनच म्हणायचे, “क्लीनरला उठव.”

निवृत्त झाल्यावर आमच्या मंडळीनं त्यांना खजिनदार केलं, आणि तेव्हापासून आम्ही सगळे काट्यावर आहोत.

आमची मंडळी म्हणजे नगर, जालना, सोलापूर, कोल्हापूर अशा भागांतून पोटापाण्यासाठी आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं. कुणी तळोजा एमआयडीसीत, कुणी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, दोन-तीन नर्सा, दोन-तीन रिक्षावाले, उरलेले सिक्युरिटीत. स्वतःचं चर्च नाही. पनवेलात एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी भाड्यानं मिळतो. वेदीच्या मागं भिंतीवर रक्ताभिसरणाचा तक्ता आहे, तो काढायची परवानगी नाही. इमारत निधी २०११ साली सुरू झाला. त्याच वर्षी गोव्याच्या रस्त्यावर पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला हात लागला. आधी काय पुरं होतं यावर आमच्या तरुण संघात पैज लागली होती. पैज शास्त्राला धरून नाही म्हणून नुसत्या चहाची. ते तरुण आता ज्येष्ठांच्या बाकावर बसतात. चहा अजून कुणी पाजलेला नाही.

खजिनदारांचे दोन प्रकार असतात. एक स्वतः देत नाही आणि दुसऱ्याकडं मागायला लाजतो. दुसरा स्वतः देतो आणि म्हणून दुसऱ्याकडं मागायला त्याला मुळीच लाज वाटत नाही. काका दुसऱ्या जातीचे, आणि त्या जातीतही टोकाचे. पगार होता तेव्हा ते ग्रॉसवर दशांश देत. पीएफ कापला जायचा तो हातात पडत नाही, त्याचा दशांश कसला, असं काकू म्हणायच्या. काका म्हणायचे, “गाडीत आहे ना? मग वजनात धरायचं.” पुढं पीएफ मिळाला तेव्हा त्यांनी फक्त व्याजाचा दशांश काढला, कारण मुद्दलाचा आधीच गेला होता, आणि हा हिशेब तीन पानांत लिहून पाळकसाहेबांना तपासायला दिला. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून सही केली.

फाट्यावर कुणी वडापाव खायला घातला तर त्याचाही दशांश निघतो. वडापाव वीसचा असेल तर दोन रुपये कपाटातल्या बोर्नव्हिटाच्या डब्यात पडतात. काकूंच्या भावानं एकदा साडी आणली, तर काकांनी दारातच किंमत विचारली. वहिनी ज्या दुखावल्या त्या अजून दिवाळीला येत नाहीत. (नाताळला मात्र येतात, केक काकूंच्या हातचा असतो.) मुलीच्या लग्नात रात्री एक वाजता पाहुणे झोपल्यावर काका आहेर मोजत बसले होते. रोख सरळ होती, भांड्यांनी घोळ घातला. कुकर सहा आले होते. “दहा असते तर एक देऊन टाकला असता,” असं ते कितीतरी वेळ पुटपुटत होते. काकूंचं म्हणणं एकच, तुमच्या दहात मी कधी हात घातला नाही, माझ्या नव्वदात तुम्ही घालू नका. हा तह पाळला गेला आहे. गावच्या सप्ताहाची, गणपतीची, क्रिकेटच्या सामन्यांची वर्गणीसुद्धा काका कधी नाकारत नाहीत, पण ती नव्वदातून. त्या पावत्या ते वेगळ्या फायलीत ठेवतात आणि फायलीवर लिहिलंय ‘शेजार’.

आमचे आधीचे पाळक तरुण होते, धाडसीही. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायावर त्यांनी एकदा संदेश दिला. पुदिना, शेप आणि जिरं यांचासुद्धा दशांश मोजून देणाऱ्या आणि न्याय-दया विसरणाऱ्या परूशांना येशूनं जिथं झापलंय, तो भाग. सगळ्या हॉलच्या माना काकांकडं वळल्या. याला कारण होतं. काट्याच्या केबिनबाहेर तेलाच्या पत्र्याच्या डब्यात काकांनी खरोखरच पुदिना लावला होता आणि प्रत्येक दहावी जुडी ते पाळकीणबाईंना नेऊन देत. त्या दिवशी उपासना संपल्यावर सगळ्यांना वाटलं, आता काका तोंड फिरवून जातील. काका पाळकसाहेबांपाशी गेले आणि म्हणाले, “सलाम. पुढचं वाक्य राहिलं. हे करायचंच होतं आणि तेही सोडायचं नव्हतं, असं आहे तिथं.” पाळकसाहेबांनी शास्त्र उघडून पाहिलं. होतं तसंच. पुढच्या आठवड्यात चटणी आली ती काकांच्याच पुदिन्याची.

काका घरोघर फिरतात ते शनिवारी. हातात रेक्झिनची पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक, कार्बन पेपर आणि भेटीला गेलोच आहोत तर म्हणून ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक. तळोज्यात मॅनेजर असलेले आमचे एक साहेब आहेत. त्यांनी सोफ्यावर रेलून सांगितलं, “काका, मी नेटवर देतो.” काकांनी विचारलं, कसला नेट? साहेबांनी हिशेब मांडला. पगारातून आयकर गेला, घराचा हप्ता गेला, गाडीचा गेला, मुलांची फी गेली, क्लब गेला, राहिले सात हजार, त्याचे सातशे. काका शांतपणे म्हणाले, “माल उतरवून झाल्यावर जे राहतं त्याला नेट म्हणत नाहीत साहेब. ती टेअर. तुम्ही रिकाम्या गाडीवर दशांश देताय.” साहेबांनी मग ८०जीची पावती मागितली. निव्वळ धार्मिक कामाच्या देणगीला ती सवलत मिळत नाही, हे काकांनी समजावून सांगितलं. साहेबांचा चेहरा पाहून एवढंच पुढं जोडलं, की स्वर्गात बहुधा आहे.

उत्पन्न लपवणाऱ्यासाठी त्यांचा ठरलेला शब्दप्रयोग आहे: ‘चाक बाहेर आहे.’ कमिटीत एखाद्याचं नाव निघालं आणि काका पेन टेकवून म्हणाले, “चाक बाहेर आहे,” की पुढं कुणी काही विचारत नाही.

पण हाच माणूस एका मावशींपुढं हरला. या मावशी एका हॉस्पिटलात झाडलोट करतात. विधवा, पोरगा शिकतोय. त्यांनी एका महिन्यात हजार रुपये दिले. काकांनी त्यांचा पगार विचारला, बोटांवर हिशेब केला आणि तीनशे वीस रुपये परत करायला काढले. “मावशी, तुमचे सहाशे ऐंशी बसतात. हे ओव्हरलोड झालं.” बायबलातल्या विधवेच्या दोन टोल्यांवर आजवर शेकड्यानं उपदेश झाले असतील, पण त्या विधवेला सुट्टे परत करायला निघालेला खजिनदार मी तरी दुसरा पाहिला नाही. मावशी म्हणाल्या, “राहू द्या.” काका म्हणाले, राहू द्या कसं? मावशींनी मागं वळून रांगेकडं हात केला. “पावती फाडा काका. मागं गाड्या थांबल्यात.” काकांनी फाडली. ‘अक्षरी रुपये एक हजार फक्त’ हे इतकं कोरून लिहिलं, की कार्बनखालचं पान फाटलं.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना देण्याची सवय कमी, अशी तक्रार पाळकांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यात तथ्य आहे, पण तिचं मूळ फार लांब आहे, थेट बोस्टनला. तिथल्या बोर्डाचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला ठाणं केलं. शाळा, दवाखाना, मास्तर, पाळक यांचा बराचसा खर्च बोस्टनच्या बोर्डाकडून यायचा. मंडळ्यांनी आपल्या पाळकाला आपण पोसावं, असं मिशनरीही कानीकपाळी ओरडत; पण ज्या घरात सासरा पगार घेऊन येतो त्या घरातल्या जावयाला बाजारहाट कशाला सुचेल? पुढं परदेशी पैसा आटत गेला. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, मिशनचं चर्च आपलं चर्च झालं, आणि लाइट बिलही आपलं झालं. कित्येकांच्या हे अजून लक्षात आलेलं नाही. ‘मिशन बघून घेईल’ म्हणणारी शेवटची पिढी आमच्याच हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसते.

काकांचे आजोबा नगरकडच्या एका खेड्यातले. तिथं सुगी झाली की उपकारस्तुतीचा सण व्हायचा. ज्वारीच्या पाट्या, भोपळे, अंडी, कोंबड्या वेदीपुढं यायच्या आणि उपासनेनंतर लिलाव. आजोबा दरवर्षी एक कोंबडी अर्पण करायचे आणि लिलावात बोली लावून तीच परत घरी न्यायचे. ती कोंबडी म्हातारी होऊन मरेपर्यंत तिनं देवाची किती सेवा केली याचा आकडा काकांकडं आहे.

याच नगरात नारायण वामन टिळक होऊन गेले. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’नं मराठी घराघरात पोचवलंय. १९१७ साली तर त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. असली माणसं दशांश देत नाहीत. खिशात असेल ते सगळं देतात आणि घरी येऊन जेवायला काय आहे विचारतात. आम्ही त्यांची पदं गातो, त्यांच्या जयंत्या करतो. पण प्रत्येक टिळकांमागं कुणी तरी लक्ष्मीबाई डब्यात किती पीठ आहे ते बघत असते, आणि माझं मत विचाराल तर मंडळीचा संसार तिच्यावर चालतो. काकांना मी हे एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, टिळकांचं बरोबर होतं, फक्त त्यांनी पावत्या घ्यायला हव्या होत्या.

अशा माणसाला सुधारणेची हौस असली की इतरांना जड जातं. कुठल्याशा मासिकात त्यांनी मिझोरमबद्दल वाचलं. तिथल्या प्रेसबिटेरियन घरांतून १९१० पासून बायका प्रत्येक जेवणाच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढतात, ते तांदूळ चर्चकडं जमा होतात आणि त्यावर मोठमोठी कामं उभी राहिली. काका भारावले. महिन्याभरात मंडळीच्या प्रत्येक घरी झाकणाचा एकेक डबा पोचला. मिझोरममध्ये सगळे एकाच तऱ्हेचा तांदूळ खात असतील. आमच्याकडं पोत्यात काय पडलं? कोलम, इंद्रायणी, रेशनचा जाडा, आंबेमोहोर, मॅनेजरसाहेबांकडची बासमती, एका घरचा उकडा आणि कुणाच्या तरी पोरानं टाकलेले पोहे. लिलावात कुणी बोली लावेना. किराणा दुकानदारानं हात घालून पाहिला आणि विचारलं, कोंबड्या पाळल्यात का? शेवटी महिला संघानं कन्व्हेन्शनला त्याची खिचडी केली. निम्मी शितं लगदा, निम्मी कच्ची, आणि बासमतीचे लांब दाणे मधूनच उठून दिसत होते. काकांनी तीन वेळा वाढून घेतली. बाकी मंडळी त्या दिवशी उपासाबद्दल फार आस्थेनं बोलत होती.

जर्मनीचं प्रकरणही असंच. काकूंचा भाचा स्टुटगार्टला आहे. त्यानं सांगितलं, की इथं चर्चचा सभासद असलास तर चर्चचा कर पगारातूनच परस्पर कापून जातो. काका खुर्चीतून उठले. पगारातून! परस्पर! शनिवारचं फिरणं नाही, चाक बाहेर नाही! त्यांनी दोन दिवस जर्मनीचं कौतुक केलं. मग फोनवर टक्का विचारला. भाचा म्हणाला, आठ. आमच्या प्रांतात आणि बव्हेरियात आठ, बाकी नऊ. काका जरा नाराज झाले, पण सांभाळून घेतलं. मग कळलं की हे आठ टक्के पगाराचे नाहीत, आयकराच्या रकमेचे. म्हणजे शंभर युरो आयकर कापला तर त्यावर आठ. काकांनी फोन काकूंच्या हातात दिला. “ल्यूथरच्या देशात,” एवढंच म्हणाले आणि पुदिन्याला पाणी घालायला गेले.

साउंडबॉक्स मात्र सगळ्यांवर कडी. तरुण पोरं रोख बाळगत नाहीत, थैली पुढं आली की खांदे उडवतात, म्हणून काकांनी क्यूआर कोड आणला. बँकेनं त्याबरोबर आवाजाचा डबा दिला, चहाच्या टपरीवर असतो तसला. काकांनी तो अर्पणाच्या मेजावर, फुलदाणीशेजारी मांडला. पहिल्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, आपण क्षणभर शांत होऊ या. हॉल शांत झाला. बाहेर पावसाचा आवाज. आणि एक गोड बाई खणखणीत मराठीत म्हणाली, “अकरा रुपये प्राप्त झाले.” सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळं अकरा कुणाचे ते कळलं नाही, पण चौथ्या रांगेतून मोबाइल पडल्याचा आवाज आला.

पुढच्या रविवारी लोक तयारीनं आले. अकरा बंद झाले. सगळ्यात लहान आकडा शंभर. पाचशे देणाऱ्यांना वेळेचं भान आलं. गाण्यात पाठवले तर पेटीखाली दबतात, म्हणून ते कडवं संपायची वाट बघत. एका गृहस्थांनी पाचशे एकदम न देता शंभर-शंभर पाच वेळा पाठवले. मॅनेजरसाहेबांचे दोन हजार ‘आमेन’च्या नेमके मागून आले, इतके नेमके, की संडे स्कूलच्या पोरांना तो उपासनेचाच भाग वाटला आणि घरी जेवणाच्या प्रार्थनेनंतरही ती ‘दोन हजार रुपये प्राप्त झाले’ म्हणू लागली. अर्पण वाढलं यात शंका नाही. इमारत निधीत इतक्या वर्षांत पहिल्यांदा हालचाल दिसली.

पाळकसाहेबांनी कमिटी बोलावली. डोंगरावरच्या प्रवचनाची आठवण दिली. उजवा हात दान करतो ते डाव्याला कळू नये. काका म्हणाले, “डाव्या हाताला कुठं कळतंय? डब्याला कळतंय.” बरीच भवती न भवती होऊन डबा हॉलमधून हलवायचा ठरला. तो मागच्या खोलीत गेला. मागच्या खोलीत महिला संघ चहा करतो. आतापर्यंत आकडा सगळ्यांना कळत होता पण नाव कळत नव्हतं; आता दाराच्या फटीतून कुणाच्या हातात मोबाइल आहे ते दिसायचं आणि शेगडीपाशी आकडा ऐकू यायचा. दोन आठवड्यांत कुणाच्या सुनेला नवऱ्याच्या अर्पणाचा पत्ता नाही आणि कुणाचा नवरा घरी चारशे सांगून चाळीस देतो, हे पार कामोठ्यापर्यंत पोचलं. डबा बँकेला परत गेला. काकांनी तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः नेऊन दिला आणि परत केल्याची पोच घेतली.

त्यांच्या वहीत सदरं पाच: दशांश, रविवारचं अर्पण, उपकारस्तुती, वाढदिवस, इमारत निधी. ‘इतर’ हे सदर ते ठेवत नाहीत. त्यांच्या मते सगळ्या भानगडी ‘इतर’मध्ये राहायला येतात.

मागच्या पावसाळ्यात काकांच्या छातीत दुखलं. पनवेलच्या एका रुग्णालयात दोन स्टेंट बसले. मंडळीत फोन फिरले आणि दोन दिवसांत त्रेचाळीस हजार सहाशे पन्नास रुपये जमले. रिक्षावाल्यांनी दिले, नर्सांनी दिले, मावशींनी पुन्हा ओव्हरलोड दिले, आणि मॅनेजरसाहेबांनी, हे वहीत आहे म्हणून सांगतो, ग्रॉसवर दिले. हंगामी खजिनदार म्हणून सीए करणाऱ्या एका मुलीला बसवलं होतं. तिनं बिलाच्या खिडकीवर पैसे भरले, पावती काकूंना दिली. तिसऱ्या दिवशी काकूंच्या हातून तिच्याकडं एक पाकीट आलं. आत चार हजार तीनशे पासष्ट रुपये, चिठ्ठीत ‘दशांश’.

पाळकसाहेब धावत गेले. “काका, हे उत्पन्न नाही. ही मदत आहे.”

“माझ्याकडं आलं की नाही?”

“आलं.”

“मग ग्रॉस.”

“अहो, पण हॉस्पिटलला गेलं ना सगळं. ते वजा करा, ती टेअर.”

“हॉस्पिटल मालाचं गिऱ्हाईक. टेअर म्हणजे गाडी.” काका उशीवर जरा वर सरकले. “गाडी मी.”

“गाडीत दोन स्प्रिंगा नव्या बसवल्यात,” काकू म्हणाल्या, “त्यांचं वजन धरलं का?”

मुलगी हुशार होती. ती म्हणाली, “काका, लोकांनी आपापला दशांश आधीच दिलाय. हे त्यांच्या नव्वदातले पैसे होते. त्यावर पुन्हा दशांश म्हणजे एकाच मालाचं दोनदा वजन.” काका गप्प झाले. मॉनिटरवरची रेघ पाहत बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, दोनदा वजन करायला बंदी नाही, पावत्या मात्र दोन लागतात.

पाळकसाहेबांनी सुचवलं, दशांश नको, उपकारस्तुती म्हणून घेऊ. काकांना ते मान्य नव्हतं. उपकारस्तुतीचं ते घरी गेल्यावर वेगळं देणार होते. कमिटी त्याला दशांश म्हणायला तयार नव्हती, काका दुसरं काही म्हणायला तयार नव्हते. वाढदिवस नव्हता. इमारतीचा प्रश्नच नव्हता. शेवटी त्या मुलीनं वही उघडली, पट्टी ठेवली, सहावी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘इतर’. मॉनिटर वाजायला लागला. सिस्टर आत आल्या आणि त्यांनी पाळकसाहेबांसकट सगळ्यांना बाहेर काढलं.

रविवारी हिशेब वाचताना ‘इतर’ ऐकून लोकांनी माना वर केल्या. पुढच्या रविवारी त्या सदरात दोनशे रुपये आले, मग पन्नास, मग एकदम बाराशे. कुणी चिठ्ठी लिहीना, कुणी कारण देईना. दीड महिन्यानं काका परत खुर्चीवर बसले तेव्हा ‘इतर’ रविवारच्या अर्पणाच्या पुढं गेलं होतं. ते सदर बंद करायला काकांची हरकत नव्हती, पण आधी ते मोकळं करायला हवं. एकेक रक्कम तिच्या जागी लावायला हवी. डॉक्टरांनी फिरायला मनाई केलेली, म्हणून आता ते दुपारी जेवून झालं की फोन घेऊन बसतात. परवा माझा नंबर लागला.

“सलाम. तुमचे दोनशे आहेत इथं. कशाचे?”

“असेच दिले, काका.”

पलीकडं वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

“असेच म्हणजे? ग्रॉसवर की नेटवर?”